घरचा साबण : तेल, खार आणि खबरदारी

दसरा उलटला की नाशिकच्या गंगापूर रोडवर दिवाळी प्रदर्शनांचे फलक दिसू लागतात. मंगल कार्यालयांत आणि सोसायट्यांच्या हॉलमध्ये पणत्या, फराळाचे डबे, पैठणीचे बटवे आणि उटण्याची पाकिटे मांडलेली असतात. त्यांच्या शेजारी गेल्या काही वर्षांत आणखी एक टेबल आले आहे, हाताने बनवलेल्या साबणांचे. बकरीच्या दुधाचा, कोळशाचा, हळद-चंदनाचा, कडुनिंबाचा, आणि द्राक्षांच्या या गावाला शोभेल असा द्राक्षबियांच्या तेलाचासुद्धा. वड्या सुरेख कापलेल्या असतात आणि वास मंद असतो. पुढ्यातल्या पाटीवर बहुधा दोनच शब्द असतात : 'केमिकल फ्री'.

साबण बनवणाऱ्या बहुतेक महिला असतात. घरच्या ओट्यावर, घरच्याच वजनकाट्यावर त्यांचा उद्योग सुरू होतो. त्यात कष्ट आहेत, कसब आहे आणि चार पैसे मिळवण्याची धडपडही आहे. त्याचे कौतुक व्हायलाच हवे. मात्र पाटीवरचे ते दोन शब्द खरे नाहीत. जगातला कोणताही साबण रसायनाशिवाय तयार होत नाही, आणि ज्या रसायनाने तो तयार होतो ते घरात येणाऱ्या सर्वांत धोकादायक पदार्थांपैकी एक आहे. हे नीट समजून घेतले तर घरचा साबण आनंदाने बनवता येतो आणि निर्धास्तपणे वापरताही येतो. न समजता केले, तर एखाद्या लहान मुलाला त्याची किंमत आयुष्यभर मोजावी लागू शकते.

साबण होतो म्हणजे काय?

खोबरेल असो, तिळाचे असो की एरंडेल, तेलाच्या प्रत्येक कणात ग्लिसरीनच्या एका रेणूला मेदाम्लाच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. त्यात तीव्र खार, म्हणजे अल्कली, मिसळला की या साखळ्या सुटतात. सुटलेले मेदाम्ल खारातल्या सोडियमशी जोडले जाते. तोच साबण. मागे राहते ते ग्लिसरीन. या क्रियेला साबणीकरण म्हणतात.

साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते आणि दुसरे तेलाकडे. म्हणूनच तो हातावरचा तेलकट मळ पकडून पाण्याबरोबर वाहून नेतो. करोनासारख्या काही विषाणूंच्या भोवतीही चरबीचेच आवरण असते. साबण ते आवरण फाडतो आणि विषाणू निकामी होतो. महागड्या जंतुनाशकाला जे जमते ते साध्या वडीलाही का जमते, याचे उत्तर या दोन टोकांत आहे.

आजच्या घरगुती साबणात हा खार म्हणजे कॉस्टिक सोडा, शास्त्रीय भाषेत सोडियम हायड्रॉक्साइड. मापे बरोबर असतील आणि वडीला मुरायला वेळ दिला असेल, तर तयार साबणात कॉस्टिक शिल्लक राहत नाही, तो सगळा क्रियेत वापरला जातो. त्यामुळे 'आमच्या वडीत आता कॉस्टिक नाही' हे विधान खरे असू शकते. 'कॉस्टिकशिवाय बनवला' हे मात्र खरे नसते. तयार साबणाचा पारदर्शक ठोकळा विकत आणून, वितळवून, त्यात रंग-गंध घालून साच्यात ओतला, तरी त्या ठोकळ्यासाठी कॉस्टिक कुठल्या तरी कारखान्यात वापरलेला असतोच.

राखेपासून कारखान्यापर्यंत

आपल्याकडे अंग आणि कपडे धुण्याची परंपरा साबणाहून जुनी आहे. रिठ्याला संस्कृतात अरिष्टक म्हणतात. रेशमी आणि लोकरी कापडासाठी खारी माती वापरावी आणि कुतप नावाच्या कांबळ्यासाठी रिठा, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरकाच्या दिनचर्येत फेनकाचा, म्हणजे फेस करणाऱ्या पदार्थाचा उल्लेख येतो. रिठा आणि शिकेकाईत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. ती फेस करतात, मळ सोडवतात, पण ती साबण नव्हेत. खेड्यात राखेने तेलकट भांडी घासताना हाताला जो बुळबुळीतपणा लागतो, तो मात्र साबणाच्या जवळचा. राखेतला खार आणि भांड्यावरचे तेल एकत्र येऊन तिथे थोडासा साबणच तयार होत असतो.

पश्चिम आशियात हाच प्रकार हजारो वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लक्षात आला. पुढे सीरियातील अलेप्पो शहराने ऑलिव्ह आणि लॉरेलच्या तेलाचा, तर पॅलेस्टाइनमधील नाब्लुसने ऑलिव्ह तेलाचा साबण नावारूपाला आणला. तिथे साबणाचा रांधा जमिनीवर पसरून थंड करतात, त्याच्या वड्या पाडतात आणि हवा खेळेल अशा बेताने त्यांचे उंच मनोरे रचून महिनोन्‌महिने वाळवतात. या दोन्ही कारागिरींची २०२४ मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. फ्रान्समध्ये मार्सेचा साबण इतका प्रतिष्ठेचा झाला, की १६८८ च्या राजाज्ञेने त्यात ऑलिव्हखेरीज दुसरे तेल किंवा चरबी घालायला बंदी केली. अरबीतला 'साबून', पोर्तुगीजांचा 'सबाँव' आणि आपला 'साबण' एकमेकांशेजारी ठेवले, की ही वस्तू किती फिरली आहे ते कळते.

त्या काळी खार राखेतून किंवा खाऱ्या वनस्पती जाळून मिळवावा लागे, आणि त्याची तीव्रता दर वेळी वेगळी असे. १७९१ मध्ये निकोला लब्लाँ या फ्रेंच माणसाने मिठापासून सोडा बनवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्याच देशाचा रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्ह्रल याने चरबी नेमकी कशाची बनलेली असते हे शोधून १८२३ मध्ये ते ग्रंथरूपाने मांडले. तेलाला किती खार लागेल याचा अंदाज बांधण्याचे दिवस मागे पडून हिशेब करता येऊ लागला. आजची गृहिणी मोबाइलवर तेलाचे वजन टाकून कॉस्टिकचे माप काढते, त्याची मुळे इथे आहेत. शेव्ह्रल स्वतः १०२ वर्षे जगला.

स्वदेशीची वडी

भारतात १८८८ मध्ये कोलकात्याच्या बंदरात विलायती 'सनलाइट' साबणाची खोकी उतरली. कारखान्यातल्या साबणात तेव्हा जनावरांची चरबी सर्रास असे, आणि इथल्या अनेक घरांना ती चालत नसे. ही अडचण ओळखणाऱ्यांत अर्देशीर गोदरेज हे नाव ठळक आहे. वैद्यकाशी त्यांचा संबंध साबणाच्याही आधीचा. शस्त्रक्रियेची उपकरणे बनवायला त्यांनी सुरुवात केली होती. पण गिऱ्हाइकाला उपकरणांवर विलायती शिक्का हवा होता आणि अर्देशीर भारतीय बनावटीचाच शिक्का मारण्यावर अडून बसले. तो धंदा बुडाला. १८९७ पासून ते कुलपांकडे वळले आणि १९१८ मध्ये त्यांनी वनस्पती तेलाचा, चरबीविरहित 'चावी' साबण बाजारात आणला. अंगाच्या साबणात 'नंबर २' आधी आला आणि 'नंबर १' मागाहून. दुसरा क्रमांक एवढा चांगला तर पहिला कसा असेल, असे लोकांना वाटावे, हा त्यामागचा हिशेब. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी तीन लाख रुपये दिले. पुढे कारभार धाकटे बंधू पिरोजशा यांच्याकडे सोपवून हेच अर्देशीर शेती करायला नाशिकला आले होते.

त्याच सुमारास म्हैसूर संस्थानाने वेगळी वाट धरली. पहिल्या महायुद्धामुळे चंदनाची निर्यात अडली, तेव्हा १९१६ मध्ये संस्थानाने चंदनाचे तेल काढण्याचा उद्योग उभारला. त्यातूनच म्हैसूरचा चंदनी साबण जन्मला. स्वातंत्र्यानंतर खादी व ग्रामोद्योग आयोगाने कडुनिंब, करंज आणि मोह यांच्या अखाद्य तेलांपासून साबण बनवण्याला उत्तेजन दिले. खाण्याचे तेल साबणात जाऊ नये आणि रानात पडून वाया जाणाऱ्या बियांतून गावात मजुरी मिळावी, हा त्यामागचा विचार. मोह आणि करंज पेठ-सुरगाण्याच्या लोकांना नवे नाहीत. गंगापूर रोडवरच्या टेबलावरची करंज-कडुनिंबाची वडी या परंपरेची नात लागते.

माप चुकले की साबण चुकतो

घरी बहुतेक जण 'थंड पद्धत' वापरतात. कॉस्टिक पाण्यात विरघळवायचा, दोन्ही द्रव कोमट झाले की तो तेलात ओतायचा आणि मिश्रण कस्टर्डसारखे दाट होईपर्यंत घोटायचे. मग ते साच्यात ओतायचे, एक-दोन दिवसांनी वड्या कापायच्या आणि चार ते सहा आठवडे हवेशीर जागी मुरू द्यायच्या. या मुदतीत उरलीसुरली क्रिया पूर्ण होते, पाणी उडते आणि वडी टणक होते. कारखान्यात ग्लिसरीन बहुधा वेगळे काढून दुसरीकडे विकले जाते. घरच्या वडीत ते तसेच राहते. घरचा साबण त्वचेला थोडा मऊ का वाटतो, याचे एक कारण हे.

प्रत्येक तेलाला लागणारा कॉस्टिक वेगळा असतो. एक किलो खोबरेलाला साधारण १८० ग्रॅम लागतो, तर एक किलो ऑलिव्ह तेलाला १३५ ग्रॅमच्या आसपास. खोबरेलाची कृती वाचून त्याच मापाने ऑलिव्हचा साबण केला, तर किलोमागे चाळीसेक ग्रॅम मोकळा कॉस्टिक वडीत राहील. ती वडी अंगाला लावली तर आग होईल, चट्टे उठतील. म्हणून जाणकार कारागीर हिशेबापेक्षा सुमारे पाच टक्के कॉस्टिक कमी घालतात, म्हणजे थोडे तेल मोकळे राहते. वाटी-चमच्याच्या मापाला इथे जागा नाही. सगळे वजनावर, तेही ग्रॅमपर्यंत अचूक वजनकाट्यावर. वडी तयार झाली की नाही हे जिभेला लावून पाहण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नये. पीएच मोजण्याच्या कागदी पट्ट्या स्वस्त मिळतात.

खडीसाखरेसारखा दिसणारा शत्रू

कॉस्टिक सोडा पांढऱ्या पापुद्र्यांच्या किंवा दाण्यांच्या रूपात मिळतो. लहान मुलाला तो मीठ, साखर किंवा खडीसाखर वाटू शकतो. पाण्यात विरघळला की तो पाण्यासारखाच दिसतो. त्याला वास नसतो. घरात तो येतो एखाद्या पिशवीतून, आणि ठेवला जातो हाताशी असलेल्या बरणीत किंवा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत. तुंबलेले मोरीचे पाइप साफ करणाऱ्या अनेक पावडरींतही तोच असतो. अपघाताची तयारी इथेच पूर्ण होते.

आम्ल पोटात गेले तर त्याने जळालेल्या भागावर अनेकदा एक कडक थर तयार होतो, आणि तो आम्लाला खोल जाण्यापासून काही अंशी अडवतो. अल्कलीचे तसे नसते. ती ऊतींना विरघळवत आत-आत शिरते. अन्ननलिकेत ज्या चरबी-प्रथिनांशी तिची गाठ पडते, त्यांचे ती तेच करते जे तेलाचे करते. कॉस्टिक बोटांना लागल्यावर बोटे बुळबुळीत होतात, तेव्हा त्वचेतल्याच चरबीचा साबण होऊ लागलेला असतो. सुरुवातीला वेदना कमी असल्याने माणूस गाफील राहतो. डोळ्यात उडालेला थेंब तर काही मिनिटांत बुबुळाच्या पारदर्शक पटलाचे कायमचे नुकसान करू शकतो.

कॉस्टिक गिळलेले मूल पहिल्या दिवसांतून वाचले, तरी खरी कसोटी पुढे असते. जखम भरताना अन्ननलिकेत व्रण होतो आणि काही आठवड्यांत ती आक्रसत जाते. आधी पोळी उतरत नाही, मग भात, मग पाणीसुद्धा. दुर्बिणीतून अन्ननलिका पुन्हा पुन्हा रुंद करावी लागते, कधी महिने, कधी वर्षे. काहींना पोटातून नळी घालून अन्न द्यावे लागते. काहींची अन्ननलिकाच शस्त्रक्रियेने बदलावी लागते. अशा अन्ननलिकेत अनेक वर्षांनी कर्करोग होण्याची शक्यताही वाढलेली असते. एका घोटाची ही किंमत आहे.

अमेरिकेने हे सारे शंभर वर्षांपूर्वी अनुभवले. तिथल्या घराघरांत साबणासाठी आणि साफसफाईसाठी कॉस्टिक असे आणि मुले ते गिळत. अन्ननलिकेत आणि श्वासनलिकेत अडकलेल्या वस्तू नळीदुर्बिणीने काढण्यात निष्णात असलेले डॉ. शेव्हालिए जॅक्सन यांच्यासमोर अशी मुले येत राहिली. त्यांनी काढलेल्या टाचण्या, नाणी, बटणे अशा दोन हजारांहून अधिक वस्तूंचा संग्रह आजही फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आहे. पण एकेका मुलाची अन्ननलिका रुंद करून हा प्रश्न सुटणार नाही, हे त्यांनी ओळखले. डबा पाहताच आईला धोका कळला पाहिजे, यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. अखेर १९२७ मध्ये कायदा झाला आणि दाहक पदार्थांच्या डब्यांवर 'विष' असे छापणे बंधनकारक झाले. एका शल्यविशारदाने सर्वाधिक मुले कदाचित शस्त्रक्रियागृहाबाहेर, त्या चिठ्ठीमुळे वाचवली असतील.

गंगापूर रोडच्या फ्लॅटमधल्या ओट्यावर ही चिठ्ठी आपली आपणच लावायची आहे. मूळ पिशवीतला कॉस्टिक खाण्यापिण्याच्या बरणीत किंवा बाटलीत कधीही भरू नये. घट्ट झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यावर मोठ्या मराठी अक्षरांत 'विष' लिहून तो कुलपाआड ठेवावा. साबणाची भांडी, चमचे, मिक्सर कायमचे वेगळे असावेत. ॲल्युमिनियमचे पातेले चुकूनही वापरू नये, कारण कॉस्टिक त्या धातूशी क्रिया करून पेट घेणारा हायड्रोजन वायू सोडतो. स्टेनलेस स्टील किंवा जाड प्लास्टिक चालते. नेहमी पाण्यात कॉस्टिक थोडा थोडा टाकावा, कॉस्टिकवर पाणी ओतू नये, कारण उसळून ते अंगावर येते. हे मिश्रण काही क्षणांतच ८० अंशांच्या पुढे तापू शकते आणि त्यातून उठणारी वाफ घशाला झोंबते. म्हणून खिडकी उघडी, डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि घरातली मुले त्या वेळी शेजारी किंवा शाळेत. उन्हाळी शिबिरात मुलांना साबण शिकवायचा असेल, तर तयार ठोकळा वितळवण्याचीच पद्धत घ्यावी. त्यात कॉस्टिक हाताळावा लागत नाही.

अपघात झालाच तर

त्वचेवर सुके कण पडले असतील तर आधी ते झटकावेत, कपडे काढावेत आणि वाहत्या पाण्याखाली तो भाग किमान वीस मिनिटे धरावा. डोळ्यात गेले असेल तर पापण्या उघड्या धरून अर्धा तास नळाच्या बारीक धारेने धुवावे आणि मग लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावे. आधी दवाखाना आणि मग धुणे, असा क्रम कधीही नको.

गिळले असेल तर तोंडातले कण थुंकायला लावून चूळ भरवावी. उलटी करवू नये, कारण वर येताना तेच द्रव्य अन्ननलिकेला दुसऱ्यांदा जाळते. मिठाचे पाणी, लिंबू, व्हिनेगर देऊ नये. आम्लाने अल्कली 'मारण्याचा' प्रयत्न केला तर उष्णता निर्माण होऊन जखम वाढते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय दूध-पाणी भरपूर पाजण्याचाही मोह टाळावा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि पदार्थाचा डबा किंवा पिशवी सोबत न्यावी. ओठ-जीभ भाजलेली दिसत नाही म्हणून 'फार काही गेले नसेल' असे समजू नये. तोंड स्वच्छ असूनही अन्ननलिका भाजलेली असू शकते. ते तपासण्यासाठी दुर्बिणीची तपासणी शक्यतो पहिल्या चोवीस तासांत करतात.

त्वचेला काय हवे?

आता वडीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे आपल्या त्वचेकडे वळू. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच साधारण ४.५ ते ५.५. खऱ्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो, मग तो दहा रुपयांचा असो वा तीनशेचा. 'पीएच ५.५ चा हाताने बनवलेला साबण' हा दावा रसायनशास्त्रात बसत नाही. तेवढ्या आम्लतेत साबण टिकतच नाही, त्याचे पुन्हा मेदाम्ल होते. त्या पीएचच्या वड्या मिळतात, पण त्या साबण नसून कृत्रिम स्वच्छकाच्या असतात.

धडधाकट माणसाची त्वचा आंघोळीनंतर काही तासांत पूर्ववत होते, त्यामुळे त्याने कोणताही बरा साबण वापरावा. प्रश्न येतो तो इसब असलेल्या मुलांचा, वृद्धांचा, मधुमेहींचा आणि नाशिकच्या थंडीत पाय तडकणाऱ्यांचा. खोबरेलाचे प्रमाण जास्त असलेला साबण फेस भरपूर देतो, पण त्वचा कोरडीही तेवढीच करतो. अशांनी आंघोळ थोडक्यात आणि कोमट पाण्याने करावी, साबण काख, जांघ आणि पाय एवढ्यापुरताच ठेवावा आणि अंग पुसल्यावर लगेच साधे मलम किंवा तेल लावावे. दिवाळीच्या अभ्यंगात आधी तेल आणि मग उटणे, हा क्रम या दृष्टीने शहाणपणाचा आहे. तेलाचा थर त्वचेला आवरण देतो आणि डाळीचे पीठ जास्तीचे तेल टिपून घेते. नवजात बाळाला मात्र कुठल्याच वडीची घाई नको. पहिली आंघोळ जन्मानंतर किमान २४ तास पुढे ढकलावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

फेस होत नाही म्हणून वडीला दोष देण्याआधी पाणी पाहावे. धरणाच्या मऊ पाण्यात साबण सहज फेसाळतो. त्याच इमारतीत उन्हाळ्यात बोअरचे जड पाणी आले, की त्यातले कॅल्शियम साबणाशी जुळून पांढरा चिकट साका तयार होतो. तोच बादलीच्या कडेला, केसांत आणि त्वचेवर राहतो आणि खाज आणतो.

हळद, कडुनिंब, केशर यांच्या गुणांबद्दल मोठमोठे दावे केले जातात. पण साबण अंगावर मिनिटभर असतो आणि मग मोरीत जातो. एवढ्या वेळात त्याने सोरायसिस, गजकर्ण किंवा वांग बरे होत नाहीत. उलट गजकर्णाचा रुग्ण 'औषधी' वडीवर दोन महिने घालवतो आणि तोवर घरातल्या चौघांना लागण होते. 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक, हेही खरे नाही. सुगंधी तेलांची ॲलर्जी त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात नेहमीची आहे. गोरेपणाचे आश्वासन देणाऱ्या वडीपासून तर दूरच राहावे. अशा काही साबणांत आणि क्रीममध्ये पारा आढळतो आणि तो मूत्रपिंडांना इजा करतो. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारानेही अशा साबणांवर बंदी घातली आहे.

विकत घेताना आणि विकताना

कारखान्याच्या वडीवर 'टीएफएम' लिहिलेले असते. वडीत मेदाम्लाचा अंश किती, हे त्यावरून कळते. भारतीय मानकांनुसार अंगाच्या साबणात पहिल्या दर्जासाठी तो किमान ७६ टक्के, दुसऱ्यासाठी ७० आणि तिसऱ्यासाठी ६० टक्के लागतो. 'बेदिंग बार' लिहिलेल्या वडीत तो ४० टक्केही चालतो. म्हणून वेष्टणावर 'टॉयलेट सोप' आहे की 'बेदिंग बार', हे एकदा वाचावे.

घरच्या साबणाबाबत विक्रेतीला तीन प्रश्न विचारावेत. तेले कोणती? वडी किती आठवडे मुरवली? पीएच तपासला का? जिला आपल्या कामाची जाण आहे, ती या प्रश्नांनी खूश होईल. विक्रीसाठी साबण बनवायला सौंदर्यप्रसाधने नियम २०२० नुसार परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन देते. वेष्टणावर घटक, निर्मात्याचा पत्ता, बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत आणि परवाना क्रमांक असावा लागतो. हे सोपस्कार एकटीला जड वाटतात. त्यासाठी दहा जणींनी बचत गटातून एकच परवाना असलेली जागा उभी केली, तर कॉस्टिक दहा स्वयंपाकघरांतून बाहेर पडेल, हा सर्वांत मोठा फायदा.

आणखी एक. वडी कितीही 'हर्बल' असली तरी ती गोदावरीत लावून आंघोळ करू नये. साबण मातीत मुरून विघटन पावतो, पण नदीत तो माशांना अपायकारक ठरतो आणि पाण्यातला प्राणवायू खातो. २०२७ च्या सिंहस्थात लाखो लोक डुबकी घेतील, तेव्हा प्रत्येकाने वडी घरीच ठेवली तरी नदीवर उपकार होतील.

शेवटी साबणाचा सर्वांत मोठा गुण त्याच्या वासात नाही, किमतीतही नाही. २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये कराचीच्या गरीब वस्त्यांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या घरांना साबण आणि हात धुण्याचे शिक्षण मिळाले, तिथे पाच वर्षांखालील मुलांचे अतिसार आणि न्यूमोनिया निम्म्याने कमी झाले. त्यात साध्या साबणाने जंतुनाशक साबणाइतकेच काम केले. २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक द्रव्ये हात-अंग धुण्याच्या घरगुती साबणांतून हद्दपार केली. साध्या साबणापेक्षा ती सरस असल्याचा पुरावा उत्पादकांना देता आला नव्हता.

तेव्हा प्रदर्शनातून आणलेली सुंदर वडी कपाटात कपड्यांना वास यावा म्हणून ठेवू नका. ती बेसिनजवळ, पाणी निथळेल अशा जाळीवर ठेवा. स्वयंपाकाआधी, जेवणाआधी, बाळाला घेण्याआधी आणि शौचानंतर ती वीस सेकंद हातांवर फिरली पाहिजे. आणि ती ज्या घरात तयार झाली, त्या घरातल्या कॉस्टिकच्या डब्याला कुलूप असले पाहिजे.